संकासुराचे कपडे फाइलमध्ये लावायचे का?

"मॅडम, माझ्याकडे दाखवण्यासारखं कामच नाही." वेशभूषा शिकायची म्हणणारी बहुतेक मुलं रत्नागिरीत माझ्यासमोर बसतात ती हेच घेऊन. गेल्या वर्षी शिमगा आटोपल्यावर गुहागर तालुक्यातली एक मुलगी आईबरोबर आली. बी.ए.चं दुसरं वर्ष. निवडीच्या वेळी दाखवायच्या कामाच्या फाइलमध्ये बावीस चित्रं. सगळ्या उंच, सडपातळ बायका आणि झगमगीत घागरे. हात चांगला होता तिचा. पण ही बाई कुठल्या नाटकातली, कुठल्या प्रवेशात येते, असं विचारल्यावर ती गप्प झाली. वेशभूषेत आधी पात्र येतं, मग कापड. तिच्या चित्रांत पात्रच नव्हतं.

आईचं दुखणं वेगळं होतं. "शिमग्यात रात्र रात्र जागून नमनवाल्यांचे कपडे शिवते ही. शिंपीणच व्हायचं तर शिकायचं कशाला ओ?"

मी मुलीला म्हटलं, त्या कपड्यांचे फोटो आहेत का? मोबाइलमध्ये होते, पण दाखवायला लाजत होती. तिने वाडीच्या संकासुराचा, म्हणजे कोकणातल्या नमन या लोकनाट्यात नाचणाऱ्या सोंगाचा, काळा पोशाख नव्याने शिवला होता. जुना का टाकला, तर सिंथेटिक कापडात नाचणारा घामाने हैराण व्हायचा आणि हात वर केला की काखेत उसवायचं. म्हणून तिने सुती कापड घेतलं आणि काखेत चौकोनी तुकडा जोडला. कमरेच्या घुंगरांचं वजन पडतं तिथे आतून दुहेरी पट्टी लावली. हे सगळं ती खालमानेने सांगत होती, जणू चूक कबूल करते आहे!

मला राहवलं नाही. अगं, परीक्षक हेच तर शोधतात. तू अडचण पाहिलीस, नाचणाऱ्याचं अंग पाहिलंस, उपाय काढलास. मग फाइल नव्याने लावली. एका पानावर जुन्या पोशाखाचा उसवलेला फोटो, शेजारी तिचं कच्चं रेखाटन, कापडाचा खरा तुकडा चिकटवलेला, किती मीटर लागलं आणि किती खर्च आला ते. समोरच्या पानावर अंगणात नाचणारा संकासुर. बावीसपैकी तीनच चित्रं ठेवली. उरलेल्या पानांसाठी तिला कुठलंही एक नाटक पूर्ण वाचून तक्ता करायला सांगितला: प्रवेश, पात्र, अंगावर काय, कपडे बदलायला वेळ किती. बारा-पंधरा पानं पुरतात. जास्त झाली की चांगलं कामही झाकलं जातं.

बायोडाटा एका पानाचा केला. 'छंद: वाचन, प्रवास' काढलं. त्याऐवजी प्रयोग, वर्ष, नेमकं आपण काय केलं, आणि शिलाई, रेखाटन, कापड रंगवणं यांतलं जे खरंच येतं तेवढंच. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या इथल्या हौशी संस्थांकडे जाऊन कपडेपट सांभाळायला माग, असंही सुचवलं. इस्त्री करावी लागली तरी चालेल, पण प्रयोगाची पत्रिका जपून ठेव. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, तेव्हा बी.ए. अर्धवट सोडायचं नाही, हेही बजावलं.

आईला म्हटलं, "ताई, कोल्हापूरच्या भानू अथैया आधी मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढायच्या. १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं." तुमच्या मुलीला ते मिळेल असं मी म्हणत नाही, पण हे काम शिकण्याजोगं आहे, एवढं माना. आई काही बोलली नाही. फाइल मात्र तिने मांडीवर घेतली आणि संकासुराच्या पानावर थांबली.

निघताना मुलीने विचारलं, "मॅडम, उंच टोपी मी नाही केली. वाडीतल्या आजोबांनी केली. ती फोटोत दिसते, मग कापू का?"

कापू नको, म्हटलं. खाली त्यांचं नाव लिही. तिने तिथेच पेन मागून घेतलं.