‘बहिरी ससाणा’ बहिरा का?

इंग्लंडमधील डर्बी शहरात राहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे, की तेथील कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर राहणाऱ्या पेरेग्रिन फाल्कनच्या जोडीविषयी मराठीत लिहिताना या पक्ष्याला कोणते नाव द्यावे. पहाटेच्या पावसात केलेल्या निरीक्षणाच्या टिपणात त्यांनी ‘बहिरी ससाणा’ असे लिहिले होते. त्यावर एका स्नेह्याने ‘हा तर शाहीन’ अशी दुरुस्ती सुचवली आणि दुसऱ्याने ‘पक्षी बहिरा कसा असेल?’ अशी शंका काढली. टिपणातील एक वाक्यही त्यांनी तपासण्यासाठी पाठवले आहे: ‘पंख फुलवून बसलेल्या ससाण्याने पाऊस ओसरताच कबुतरावर झेप घेतली.’

बहिरेपणाची शंका आधी निकालात काढू. कानाने ऐकू न येणारा तो बहिरा, आणि हा शब्द संस्कृत ‘बधिर’ वरून प्राकृत ‘बहिर’ या मार्गाने मराठीत आला. पक्ष्याच्या नावातील ‘बहिरी’ या कुळातील नाही. अरबीत ‘बह्र’ म्हणजे समुद्र. तो शब्द फारसीने उचलला आणि त्याला ‘ई’ लागून ‘बह्री’, म्हणजे समुद्राचा, समुद्राकडचा, असे विशेषण झाले. बहरीन या देशाच्या नावात हाच ‘बह्र’ आहे आणि उर्दूत आरमाराला ‘बहरिया’ म्हणतात. शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकरवी शिकार करण्याची कला आपल्याकडे बहुतांशी फारसी परिभाषेत नांदली, त्यामुळे बाज, शाहीन, शिकरा ही नावे जशी आली तशीच ‘बहरी’ही आली. शिवकालीन अठरा कारखान्यांत ‘शिकारखाना’ होता हे लक्षात घेतले, तर असे शब्द मराठीत रुळण्यास दरबारी वाट मोकळी होती असे म्हणता येते. ‘बहरी’चे ‘बहिरी’ होण्यास मात्र आधीपासून तोंडात बसलेला ‘बहिरा’ कारणीभूत झाला असावा, असे माझे मत आहे.

समुद्राशी संबंध जोडण्याचे कारणही उघड आहे. उत्तर आशियातील टुंड्रा प्रदेशात वीण करणारे हे ससाणे हिवाळ्यात भारतात उतरतात आणि किनारे, खाड्या, मोठे जलाशय अशा ठिकाणी, जिथे बदके आणि चिखलपायटे (चिखलात, उथळ पाण्यात चरणारे) पक्षी थव्यांनी जमतात, तिथे अधिक दिसतात. लॅटिन ‘पेरेग्रिनस’चा अर्थही परदेशी, भटका, यात्रेकरू असाच आहे, आणि १७७१ मध्ये टन्स्टॉल या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने हे शास्त्रीय नाव वापरले तेव्हा फारसी शब्द त्याच्या मनात असण्याचे काही कारण नव्हते.

जाता जाता एका तिसऱ्या ‘बहिरी’चाही उल्लेख करायला हवा, कारण गिर्यारोहकांकडून हा घोळ वारंवार ऐकू येतो. कर्जतजवळच्या ‘ढाकचा बहिरी’ या कातळातील ठाण्याचे नाव तेथे घरटी करणाऱ्या ससाण्यांवरून पडले, असे कोणी सांगितले तर मान डोलावू नये. तो बहिरी म्हणजे भैरव. भैरव, भैरी, बहिरी, बहिरोबा ही सगळी त्याच देवाची रूपे आहेत. कडा आणि ससाणा यांचे नाते खरे असले, तरी या नावाशी त्याचा संबंध नाही.

आता शाहीन. ही स्वतंत्र जात नव्हे, तर बहिरी ससाण्याचीच भारतीय उपखंडात बारमाही राहणारी उपजात आहे. तिचे डोके जवळजवळ काळे आणि पोट तांबूस असते. डर्बीत दिसणाऱ्या पक्ष्याचे पोट पांढरट असून त्यावर काळसर आडवे पट्टे असतात. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटे करतो तो शाहीन. म्हणून जुलैच्या पावसात महाराष्ट्रात एखाद्या सुळक्यावर किंवा उंच इमारतीवर असा पक्षी दिसला, तर तो शाहीन असण्याची शक्यता फार मोठी, कारण उत्तरेचे पाहुणे तेव्हा आपल्या देशी गेलेले असतात. शिकाऱ्यांच्या बोलीत शाहीनला ‘कोही’ असेही नाव होते. ‘कोह’ म्हणजे डोंगर, जो आपल्याला ‘कोहिनूर’मुळे ओळखीचा आहे. दर्याकडचा तो बहरी आणि डोंगराकडचा तो कोही, असा नेमका भेद त्या लोकांनी अक्षरश: दोन शब्दांत करून ठेवला होता. इंग्लंडमधील पक्षी या दोन्हींहून निराळ्या, तिसऱ्या उपजातीचा आहे. त्याला ‘शाहीन’ म्हणणे चूकच. जातीचे सर्वसाधारण नाव म्हणून ‘बहिरी ससाणा’ बरोबर आहे, आणि तो कड्याऐवजी मनोऱ्यावर राहतो म्हणून नाव बदलण्याची गरज नाही.

‘ससाणा’ या शब्दाची गंमत वेगळी आहे. त्याचे मूळ ‘शशादन’, म्हणजे ससा खाणारा, असे मानले जाते. अमरकोशात शशादन आणि श्येन हे पर्याय दिले आहेत, आणि योगायोग असा, की पारवा-कपोताची नावे संपताच त्याच ओळीत शशादनाची सुरू होतात. वस्तुत: बहिरी ससाणा सशाच्या वाटेला क्वचितच जातो. त्याचे भक्ष्य मुख्यत: उडते पक्षी, आणि शहरात त्यातही कबुतरे. डर्बीच्या मनोऱ्यावर २००६ मध्ये घरट्यासाठी लाकडी फलाट बसवण्यात आला, तेव्हापासून खाली पडलेल्या अवशेषांचा अभ्यास झाला आहे. त्यात रात्री स्थलांतर करणारे पक्षीही आढळले, म्हणजे शहराच्या दिव्यांच्या उजेडात हा पक्षी रात्रीही शिकार साधतो. तेव्हा पहाटे पाहणाऱ्याला तो भरल्या पोटी, भिजत, निवांत बसलेला दिसला तर नवल नाही.

वाक्याकडे वळतो. त्यात दोन शब्द बदलावेत असे मला वाटते. पहिला ‘पंख’. मराठीत पंख हा उडण्याचा अवयव आणि पीस हे त्यावरचे, अंगावरचे आच्छादन. बोलताना आपण दोन्हींची सरमिसळ करतो, पण पावसातल्या पक्ष्याचे वर्णन करताना ती चालत नाही. गारठ्यात बसलेला ससाणा पिसे फुलवतो, त्यामुळे पिसांत हवा अडकून ऊब राहते. पाऊस थांबला की तो अंग झाडतो, पंख पसरून वाळवतो आणि मग शेपटीजवळच्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावतो. म्हणजे फुलतात ती पिसे, पसरतात ते पंख.

दुसरा शब्द ‘झेप’. झेपेत पुढे किंवा वर जाण्याचा भाव आहे, म्हणूनच ‘गरुडझेप’ आपल्याला उमेदीचा शब्द वाटतो. हा ससाणा तर उंचावरून पंख मिटून, डोके खाली करून कोसळतो आणि त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. या कोसळण्याला मराठीत ‘सूर मारणे’ हा विहिरीत पोहणाऱ्यांचा शब्द चपखल बसतो, आणि भक्ष्यावर आदळण्याच्या, त्याला धरण्याच्या क्षणाला ‘झडप’. ‘पिसे फुलवून बसलेला ससाणा पाऊस ओसरताच हवेत उंच चढला, तेथून त्याने सूर मारला आणि कबुतरावर झडप घातली’ असे लिहिले, तर तिन्ही हालचाली वेगवेगळ्या दिसतात. नुसते ‘झडप घातली’ म्हटले तरी चालेल, पण सूर गाळला तर या पक्ष्याचे वैशिष्ट्यच गळते.

लिंगाचा प्रश्न वाचकांनी विचारलेला नाही, तरी तो पुढे येणारच, कारण जोडीतली मादी नराहून ठळकपणे मोठी असते. शिकाऱ्यांच्या बोलीत नुसते ‘बहरी’ म्हटले की मादीच समजत आणि नराला ‘बहरी बच्चा’ म्हणत. बाज ही मादी आणि जुर्रा हा तिचा नर, असाच हा प्रकार. मराठीत ‘बहिरी’ एकटी वापरायची असेल तर ती स्त्रीलिंगी ठेवावी: ‘बहिरी मनोऱ्यावर बसली होती.’ ‘ससाणा’ जोडला की मात्र पुल्लिंग येते, आणि मग ‘बहिरी ससाण्याची मादी’ असे लांबण लावण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ‘ससाणी’ हा शब्द काही जण वापरतात. तो व्याकरणाने अडत नाही, पण मला अजून तो कानाला सरावाचा वाटत नाही.