रात्रपाळीची हजेरी आदल्या तारखेला का पडते?

प्रश्न : आमच्या हजेरी मशीनमधून पेनड्राइव्हवर फाइल काढली की वेळेच्या रकान्यात १७४१६३२००० असे आकडे येतात. इंटरनेटवर हा आकडा टाकून पाहिला तर १० मार्च २०२५, संध्याकाळी ६:४० असं आलं. कामगार तर रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी बाहेर पडला होता. मशीन बिघडलं आहे का?
— हिशेबनीस, टॉवेल कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : मशीन शाबूत आहे आणि आकडाही बरोबर आहे. चुकलं ते वाचन. अशा मशीनमध्ये तारीख-वार साठवलेला नसतो, साठवलेली असते ती मोजणी: १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचच्या वेळेनुसार रात्रीचे बारा वाजले, तिथपासून किती सेकंद झाले. या मोजणीला गाव नसतं. वाचताना ते आपण द्यायचं. तुमचा आकडा ग्रीनिचच्या घड्याळाने वाचला गेला. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला रेखांशावर बांधलेली आहे, १५ अंशांना एक तास, म्हणून आपण साडेपाच तास पुढे. ६:४० मध्ये साडेपाच तास मिळवा: रात्रीचे १२:१०, तारीख ११.

यातली खरी अडचण तारखेची आहे. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक नोंद आदल्या दिवसात जाऊन बसते. दिवसपाळीची तारीख बिघडत नाही, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही आणि भुर्दंड पडतो तो रात्रपाळीवाल्याला: हजर असून खाडा. म्हणून पगारपत्रक करण्याआधी हे दुरुस्त कराच.

मूळ रकाना तसाच ठेवा, शेजारी नवा घ्या. आकडा ए२ मध्ये असेल तर एक्सेलमध्ये बी२ ला सूत्र असं: ए२ भागिले ८६४००, अधिक २५५६९, अधिक ५.५ भागिले २४. पहिल्या भागाकाराने सेकंदांचे दिवस होतात, शेवटच्या बेरजेने वेळ आपल्याकडची होते. मधले २५५६९ म्हणजे एक्सेलच्या स्वतःच्या मोजणीत १ जानेवारी १९७० चा क्रमांक. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरतं. (त्या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही आहे. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या हिशेबाच्या प्रोग्रॅममधली ती चूक फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने तशीच ठेवली. आपल्या हिशेबाला तिचा त्रास नाही.) उत्तर ४५७२७.००६९ असं दिसलं तर घाबरू नका, सेलचा फॉरमॅट तारीख आणि वेळ असा बदला, ११-०३-२०२५ ००:१० दिसेल.

दोन ठिकाणी घसरायला होतं. आकडा दहाऐवजी तेरा अंकी असेल तर तो मिलिसेकंदांत आहे, ८६४०० ऐवजी ८६४००००० ने भागा. दुसरं जास्त फसवं: काही मशीन स्थानिक वेळच ग्रीनिचची समजून मोजतात. तिथे साडेपाच तास पुन्हा मिळवले की सगळी हजेरी पुढे सरकते. अंदाज बांधू नका. मशीनच्या पडद्यावरची वेळ बरोबर आहे ना ते पाहा, स्वतः एक पंच करा, ती वेळ कागदावर टिपा, फाइल काढा आणि पडताळा. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : रोज सकाळी दुकान उघडून कॉम्प्युटर लावला की जुनीच तारीख दिसते. बँकेची साइटही उघडत नाही. हाताने वेळ लावली की दिवसभर ठीक चालतं.
— कापड दुकानदार, नवी पेठ

उत्तर : मदरबोर्डवरची बटण बॅटरी संपली आहे. तिचा नंबर सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्टची. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीच्या बोर्डाचं बटण चालू असेल तर घड्याळ विजेवर चालतं. दुकानदार रात्री मेन स्विचच पाडतात, तेव्हा सगळा भार या बॅटरीवर. स्विच पाडणं योग्यच आहे, फक्त बॅटरी वेळेवर बदला. मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली गेली असेल तर काढाच.

काढण्याआधी बायोसमधल्या (कॉम्प्युटर लावला की सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममधल्या) सेटिंगचे, विशेषतः बूटचा क्रम आणि हार्ड डिस्कचा मोड, मोबाइलवर फोटो घ्या; बॅटरी निघाली की त्या मूळपदावर जाऊ शकतात. वायर भिंतीतून काढा, चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग बाजूची क्लिप दाबा. नवी बॅटरी अधिक चिन्ह वर ठेवून बसवा. बँकेची साइट अडते ती तारखेमुळेच: साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या तारखेची बिलं फाटतात. म्हणून बॅटरी येईपर्यंत तारीख पाहिल्याशिवाय बिलिंग उघडू नका.

नव्या बॅटरीनंतरही घड्याळ थोडं मागे पडेल. आतला क्वार्ट्‌झ सेकंदाला ३२७६८ वेळा कंप पावतो (दोनचा पंधरावा घात), पण २५ अंशांच्या आसपासच. तापमान त्याच्या वर जावो वा खाली, तो मंदावतो. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत दिवसाला साधारण सव्वा सेकंद, महिन्याला अर्ध्या मिनिटाच्या वर. त्यामुळे विंडोजमधली वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू ठेवा.

प्रश्न : एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू या दोन ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे!
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : आतलं घड्याळ एकच, ते वाचणारे दोन. उबुंटू त्यात ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं. सोपा उपाय म्हणजे उबुंटूला हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ ठेवायला सांगणं. भारतात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत नसल्याने इथे हे चालून जातं.

प्रश्न : २०३८ मध्ये कॅमेऱ्याचे डीव्हीआर (चित्रण साठवणारी यंत्रं) बंद पडतील असं ऐकलं. आत्ता घेताना काय पाहावं?
— वाचक, होटगी रोड

उत्तर : ऐकलेल्यात तथ्य आहे. सेकंदांची तीच मोजणी जुन्या पद्धतीत ३२ बिटांत (० किंवा १ लिहायच्या ३२ घरांत) मावते आणि एक बिट अधिक-उणे चिन्हाला जातो. उरतात जास्तीत जास्त २१४७४८३६४७. हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडे सकाळी ८:४४:०७ ला भरतो. पुढच्याच सेकंदाला मोजणी उणे होते आणि तारीख डिसेंबर १९०१ ची दिसते. ६४ बिटांच्या मोजणीला हा धोका नाही, पण खोक्यावर ते लिहिलेलं नसतं. दुकानात डेमोच्या डीव्हीआरवर तारीख २० जानेवारी २०३८ लावायला सांगा, दोन मिनिटं रेकॉर्डिंग करा, बंद करून पुन्हा चालू करा आणि तेच चित्रण तारखेनुसार शोधा. सापडलं तर घ्या. घरी चालू असलेल्या डीव्हीआरवर मात्र हा प्रयोग करू नका. तारीख एकदम पुढे गेली की ठरावीक दिवसांनंतर पुसण्याची सोय आजवरचं सगळं चित्रण जुनं समजून पुसू शकते.