पाठकोऱ्या कागदावर रोज पाच मिनिटं

मागच्या सदरात एक सवय सुचवली होती: रोज पाच मिनिटं, काय काढायचं ते आधी न ठरवता रेघ सुरू करायची आणि हात जाईल तिकडे जाऊ द्यायचा. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून प्रश्न आले. त्यांतले हे पाच.

शाळेत माझं चित्र सगळ्या वर्गाला दाखवून हसले होते. आता चाळिशीत कोरी वही समोर घेतली की हात आखडतो. सुरुवात कशी करू? (गृहिणी, भुसावळ)

ताई, आधी ती कोरी वही कपाटात ठेवून द्या. चांगला कागद वाया जाईल या धाकानेच कितीतरी जण चित्र काढत नाहीत. लाइटबिलाची मागची बाजू घ्या, मुलांच्या जुन्या झेरॉक्समधले पाठकोरे कागद घ्या. पेन्सिल नको, बॉलपेन घ्या. त्याची रेघ खोडता येत नाही, हाच त्याचा गुण. खोडरबर जवळ असला की दर दोन रेघांमागे आपणच आपले परीक्षक होतो.

आता डोळे मिटून कागदभर एकच सलग रेघ फिरवा. अर्ध्या मिनिटात थांबा. डोळे उघडून कागद चारही बाजूंनी फिरवून बघा. कुठे चोच दिसेल, कुठे बैलाचं वशिंड, कुठे कुणाचं नाक. जे दिसेल त्याला डोळा द्या, पाय द्या, शेपूट द्या. युक्ती जुनीच आहे. डागाळलेल्या भिंतीकडे नीट बघा, तिच्यात डोंगर, नद्या, लढाया सापडतील, असं लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांसाठी लिहून ठेवलंय. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे इटलीहून कळायची गरज नाही म्हणा. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीवर उंट-हत्ती आपणही पाहिलेत.

काहीच दिसलं नाही तर रेघांमधले रिकामे कप्पे भरा. एकात ठिपके, एकात तिरक्या रेघा, एकात माशाचे खवले. तेवढ्यात पाच मिनिटं संपतात. कागद पालथा घालून डब्यात टाका आणि पंधरा दिवस बघू नका. घरच्यांनी मागितला तरी दाखवू नका. आधी धीर येईल आणि मग हात चालेल, अशी वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. रेघ वेडीवाकडी आली, कुणी हसलं नाही, काही बिघडलं नाही, हे हाताला रोज अनुभवायला मिळालं की आखडणं आपोआप सुटत जातं. वर्गातलं ते हसू विसरायची खटपट करू नका. नुसते कागद साठू द्या.

कापूस वेचणीत आठवडाभर खाडा पडला. बायको म्हणते, ‘तुमना हात वखरना शे, चित्रना नही.’ आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं का? (शेतकरी, अमळनेर)

मोजूच नका, भाऊ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवय कशी लागते याचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात दिसलं, पण कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. आठवडाभराचा खाडा त्याहून मोठा, हे खरं. म्हणून कामाच्या दिवसांत सवय लहान करा, पण चालू ठेवा. उमललेलं एक बोंड डाव्या हातात धरा, कागदाकडे न बघता नजर त्याच्या कडेवरून जशी सरकेल तसं पेन सरकवा. मोटार सुरू केल्यापासून पाणी बारीवर पोचेपर्यंत ते होऊन जातं. आणि वहिनींना सांगा, वखराची तास सरळ नेणाऱ्या हाताला रेघ काही नवी नाही.

रोजचं चित्र इन्स्टाग्रामवर टाकतो. लाइक कमी आले की दुसऱ्या दिवशी काढावंसं वाटत नाही. (विद्यार्थी, चाळीसगाव)

मग टाकू नकोस, निदान महिनाभर तरी. तू तर केकी मूस यांच्या गावचा. मुंबईत जन्मलेला हा कलावंत चाळीसगावात राहिला, वर्षानुवर्षं घराबाहेर क्वचितच पडला, आणि घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून त्यांतून अख्खी निसर्गदृश्यं उभी करणारे फोटो काढत राहिला. त्यांचं कलादालन तुझ्याच गावात आहे. रविवारी मोबाइल खिशात ठेवून जाऊन ये. त्यांच्यासारखं कोंडून घे असं मी म्हणत नाही. पण रोजची पाच मिनिटं तालमीची आहेत, आणि तालमीला तिकीट लावायचं नसतं.

बँकेतून निवृत्त झालो, वय ६७. या वयात रेघोट्या मारणं पोरकट नाही का? (धुळे)

रवींद्रनाथ टागोरांनी साठी ओलांडल्यावर कवितांच्या हस्तलिखितांतली खाडाखोड जोडून तिच्यातून पक्षी-प्राणी काढायला सुरुवात केली. १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. तुमच्या हातात दोन वर्षं आहेत!

मुलगी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करतेय. असं काहीबाही गिरगटल्याने तिचा हात बिघडेल का? (आई, शहादा)

हात नाही बिघडणार. उलट स्मरणचित्राला उपयोगच होईल. परीक्षेच्या तयारीत बरीच मुलं बाजाराचं एकच ठरीव दृश्य पाठ करतात आणि विषय बदलला की अडतात. तुमच्याजवळच सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा भरते. तिथून आल्यावर, फोटो न बघता, घोड्याची मान कशी वळते एवढंच तिला पाच मिनिटांत काढू दे. चुकेल. दुसऱ्या वेळी ती घोडा जास्त निरखून बघेल. भूमिती आणि अक्षरलेखन मात्र पट्टी-कंपासनेच, वेगळ्या वेळी. तिथे मोकळा हात चालत नाही.

तिची ही वही तपासायची नाही, हे तुमच्यासाठी. त्याऐवजी तिच्यासोबत खेळा. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्रज बालरोगतज्ज्ञ मुलांना बोलतं करायला हा खेळ वापरत: एकाने डोळे मिटून वेडीवाकडी रेघ काढायची, दुसऱ्याने तिचं काहीतरी करून दाखवायचं, मग अदलाबदल. पहिली रेघ तुम्ही काढा. तुम्हालाही चित्र येत नाही हे तिला एकदा दिसलं की ती बिनधास्त काढेल.