श्रवणयंत्राबरोबरचा जुना क्लिप माइक आता लागत नाही, त्याचे काय करावे?

नवे श्रवणयंत्र घेतल्यापासून जुन्या यंत्राबरोबरचा, बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा बिनतारी माइक पडून आहे, तो विकावा, कुणाला द्यावा की टाकावा, असे आपण विचारले आहे. मी स्वतः दोन्ही कानांना यंत्रे लावतो आणि याबाबतीत एक चूक करून बसलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माइकवरचा मॉडेल क्रमांक पाहावा. असे माइक बहुधा त्याच कंपनीच्या, त्यातही ठरावीक पिढीच्या यंत्रांशीच जोडले जातात. त्यामुळे एखाद्या गरजूला तो मनापासून दिला, तरी त्याचे यंत्र दुसऱ्या कंपनीचे असल्यास त्याला त्याचा काहीच उपयोग होत नाही.

आपले नवे यंत्र त्याच कंपनीचे असेल, तर देण्याची घाई करू नये. ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) हा माइक त्या यंत्राला जोडता येतो का, ते तपासून घ्यावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, आणि गोंगाटात ही घट फार जाणवते. माइक बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ असल्याने ते अंतरच उरत नाही. कानातले यंत्र कितीही चांगले असले, तरी हे काम त्याला एकट्याला जमत नाही.

माझा माइक मी 'लागेल कधीतरी' म्हणून दोन वर्षे खणात ठेवला. ओळखीतल्या एका शाळकरी मुलीला तो हवा आहे असे कळले, तेव्हा पूर्ण चार्ज करून दिला. पण पहिला तास संपायच्या आतच त्याचा हिरवा दिवा विझला. लिथियम बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की खराब होते, हे मला ठाऊक असायला हवे होते. त्या मुलीचा हिरमुसलेला चेहरा मी विसरू शकलेलो नाही.

म्हणून निर्णय या महिन्यातच घ्यावा आणि तोवर बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवावी. द्यायचाच असेल, तर जुनी जोडणी पुसून, चार्जरसह आपल्या ऑडिओलॉजिस्टकडे सोपवणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण तेच यंत्र वापरणारे कोण आहे हे त्यांना माहीत असते. कानात घालायचे वापरलेले डोम (यंत्राच्या टोकाची मऊ टोपणे) मात्र कुणालाही देऊ नयेत. माइक चालतच नसेल, तर तो ई-कचरा संकलनात द्यावा. घरच्या कचऱ्यात टाकल्यास बॅटरी चिरडली जाऊन पेट घेऊ शकते.