आधी ‘वाया गेलास’ म्हणणं थांबवा

प्रश्न : माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत आहे. त्याला साधी वजाबाकी, भागाकार येत नाही. वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवतोय. गणिताच्या शिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी आहे. बाकीचे गुरुजी वर्गात कमी, मोबाइलवर जास्त. त्यात आठवीपर्यंत ढकलपास, मग मुलं शिकतील कशाला? हाच मुलगा डेअरीवर दुधाचा हिशेब तोंडी करतो. म्हणजे डोकं आहे, अभ्यास नको. मी त्याला रोज सांगतो, या शाळेपायी तू वाया गेलास. हल्ली तो वही दाखवत नाही. दोन गाई विकून त्याला तालुक्याच्या इंग्लिश मीडियममध्ये घालावं आणि नीटच्या फाउंडेशन क्लासला लावावं असं ठरवलंय. यात दोष कोणाचा, आणि आमचा निर्णय बरोबर आहे का?
– एक पालक, संगमनेर तालुका

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचताना मी शाळेपाशी थांबले नाही, दोन वाक्यांपाशी थांबले. ‘मी त्याला रोज सांगतो, तू वाया गेलास’ आणि लगेच पुढे ‘हल्ली तो वही दाखवत नाही.’ ही दोन वाक्यं तुम्ही सुटी लिहिलीत. मला ती सुटी वाटत नाहीत. तुमचा राग शाळेवर आहे, हे मला कळतं. पण लेकी बोले सुने लागे, तसं इथे झालंय. बोल शाळेला, आणि ऐकणारा एकटा तुमचा मुलगा. तेरा-चौदा वर्षांच्या पोराच्या कानावर बापाचं हे वाक्य रोज पडत असेल, तर ‘शाळेपायी’ हा शब्द गळून जातो आणि ‘वाया गेलास’ एवढंच उरतं. मग वही दाखवून तो काय करणार? पुन्हा तेच ऐकणार. हे आजपासून बंद करा. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता ते पान. मी ते नीट पाहिलं. ५०३ वजा २६८, उत्तर लिहिलंय ३६५. तुम्ही म्हणता, वजाबाकी येत नाही. मला मात्र त्यात एक पद्धत दिसते. पाचातून दोन गेले तीन. शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून त्याने सहाच खाली उतरवले. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन वजा करून पाच लिहिले. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, असा नियम त्याने स्वतःच बसवलाय आणि तो पानभर पाळलाय. खालच्या भागाकाराचंही तेच. ८२४ भागिले ४, उत्तर २६. मधला शून्य द्यायला हवा होता, तो राहिला. आठशे चोवीस रुपये चौघांत वाटले तर प्रत्येकाला सव्वीसच कसे येतील, हा प्रश्न त्याला पडला नाही, कारण वहीतल्या आकड्यांचा खऱ्या पैशांशी संबंध असतो हे त्याला कोणी दाखवलंच नाही. हा निष्काळजीपणा नाही. स्थानिक किंमत आणि हातचा घेणं प्राथमिकच्या सुरुवातीच्या इयत्तांत पक्कं व्हायला हवं होतं, ते झालं नाही, आणि नंतर कोणीही मागे वळून पाहिलं नाही.

‘डोकं आहे, अभ्यास नको’ हा निष्कर्षही मला मान्य नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आला. गिऱ्हाइकाशी अवघड हिशेब तोंडी आणि अचूक करणारी मुलं कागदावरच्या साध्या उदाहरणांत अडत होती. उलट शाळेत गणित जमणारी मुलं बाजारातल्या हिशेबात गडबडत होती. दोन्हीकडे उणीव शिकवण्यात आहे, कारण तोंडी हिशेब आणि वही यांची गाठ कोणी घालून देत नाही. तुमच्या मुलाला डेअरीच्या ओट्यावर विचारून बघा, पाचशे तीन रुपयांतले दोनशे अडुसष्ट दिले तर उरले किती? माझा अंदाज आहे, तो दोनशे पस्तीस म्हणेल.

दोष कोणाचा, हे तुम्ही थेट विचारलंत, म्हणून थेट सांगते. सगळ्यात मोठा दोष सरकारचा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट आहे की सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. ती जागा गुरुजी भरत नाहीत, शासन भरतं. शिक्षक भरतीसाठी लागणारी अभियोग्यता चाचणी २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतर थेट २०२३ मध्ये. मधली वर्षं उमेदवार घरी बसून होते आणि वर्ग रिकामे होते. त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत. पण निवडणुकीच्या नावाखाली मतदार याद्यांचं काम येतंच. शिवाय पोषण आहाराची नोंद, यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, आधारची जुळणी, हे सगळं त्याच मोबाइलवर चालतं. गुरुजींच्या हातातला मोबाइल प्रत्येक वेळी करमणुकीचा नसतो. जे वर्गात असून शिकवत नाहीत त्यांची बाजू मात्र मी घेणार नाही. आणि पाचवीत, सहावीत, सातवीत हीच चूक पाहून लाल रेघ मारून जे पुढे गेले, तेही जबाबदार आहेत. पण त्यांना वरून ‘अभ्यासक्रम पूर्ण झाला का’ एवढंच विचारलं जातं. मधे शून्य असलेली वजाबाकी किती मुलांना येते, हे साहेब विचारत नाहीत. मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांच्या पाचवीत शंभरातल्या पंचेचाळीसच मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. इतकी मुलं एकदम आळशी निघत नाहीत. पुस्तक पुढे निघून जातं आणि वर्ग मागे राहतो. या सगळ्यात तुमच्या मुलाचा दोष काहीच नाही.

ढकलपासबद्दल तुमच्यासारखं अनेक पालक बोलतात, म्हणून जरा सविस्तर. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, तेव्हा प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायला बंदी होती. पण त्यासोबत आणखी एक अट होती, सातत्याने मूल्यमापन करून मूल कुठे अडलंय ते पाहायचं. बंदी पाळली गेली आणि मूल्यमापन रकाने भरण्यापुरतं उरलं. आता २०१९ ची केंद्राची दुरुस्ती आणि २०२३ चा राज्याचा निर्णय यांमुळे पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, मग पुनर्परीक्षा, आणि तीही न जमल्यास पुन्हा तोच वर्ग, अशी व्यवस्था आली आहे. म्हणजे या वर्षी तुमच्या मुलालाच ती परीक्षा आहे. पण समजा, त्याला सहावीत नापास केलं असतं. काय झालं असतं? सहावीचंच पुस्तक, त्याच वेगाने, पुन्हा एकदा. त्यात हातचा घ्यायला कोणी शिकवलं असतं? अडलेलं मूल नापास केल्याने शिकत नाही. भीतीने अभ्यास होतो असं मानणाऱ्यांनी तुमचा मुलगा वही का लपवतोय ते पाहावं.

आता गाईंचं. विकू नका. इंग्लिश मीडियमच्या आठवीत त्याला हीच वजाबाकी अडेल, आणि वर प्रश्नही इंग्रजीत असेल. खासगी शाळा म्हणजे आपोआप चांगलं शिक्षण, ही समजूतही तपासून घ्या. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी त्या वेळच्या आंध्र प्रदेशात खेड्यातल्या मुलांची सोडत काढून काहींना खासगी शाळेचा खर्च दिला. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ती मुलं सरकारी शाळेतल्या मुलांच्या बरोबरीनेच होती. नीटच्या फाउंडेशन क्लासबद्दल तर माझं मत कडक आहे. पाया नसलेल्या मुलाला तिथे बसवणं म्हणजे रोज दोन तास अपमान विकत घेणं. नीटला जायचंय कोणाला, हेही तुमच्या पत्रात मला सापडलं नाही. मुलाचं स्वतःचं एकही वाक्य त्यात नाही.

करायचं काय, तर रोज अर्धा तास. नोटा-नाणी घेऊन बसा. शंभराच्या पाच आणि रुपयाची तीन नाणी. त्यातून २६८ द्यायचे, तर शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा घ्या, त्यातली एक दहाची मोडून रुपयाची दहा नाणी. आता चार शंभराच्या, नऊ दहाच्या, तेरा नाणी. यातून त्यालाच मोजून द्यायला लावा आणि प्रत्येक पायरी शेजारी वहीत लिहायला सांगा. तोंडी हिशेबाची आणि वहीची गाठ इथे पडेल. मग गुणाकार, भागाकार, नंतर अपूर्णांक. उत्तर चुकलं तर ‘हे असं का केलंस’ एवढंच विचारा आणि तो सांगेल ते पूर्ण ऐका. तुम्हाला वेळ नसेल तर गावातल्या बारावी-बीएस्सीच्या एखाद्या ताईला महिन्याला थोडे पैसे देऊन बसवा. क्लासच्या फीपेक्षा हे फार स्वस्त पडेल.

दुसरं काम शाळेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीला जा, गणिताच्या रिक्त जागेचा ठराव मांडा, तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा आणि पोच घ्या. तुमचा राग तिथे न्या, तिथे तो उपयोगी आहे.

पुढच्या वाटा माहीत असाव्यात म्हणून थोडक्यात : आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. दहावीनंतर अकरावी, पॉलिटेक्निक, आयटीआय सगळं खुलं आहे, आणि नीट-जेईईचा निर्णय त्या वेळी घेतला तरी उशीर होत नाही. यंदा एनएमएमएसचा ताण मात्र देऊ नका. यंदा आठवीची वार्षिक परीक्षा आणि ही वजाबाकी, एवढं पुरे.

नववीच्या दिवाळीत मला पुन्हा लिहा. तेव्हा पत्र त्याला लिहू द्या, आणि काय लिहितोय ते वाचून दुरुस्त करू नका.