शहर वाढले की नदीतला गाळ वाढतो की घटतो?

दोन्ही घडते, फक्त वेगवेगळ्या काळात. बांधकामे चालू असताना उघडी पडलेली माती पावसाबरोबर ओढ्यांत उतरते आणि पात्र उथळ होते. पुढे तीच जमीन डांबर, काँक्रीट आणि छपरांखाली झाकली गेली की मातीचा पुरवठा आटतो. पाणी मात्र जमिनीत मुरण्याऐवजी गटारांतून थेट नदीत येत असल्याने पूर लवकर चढतो आणि त्याची कमाल पातळीही वाढते. गाळ कमी आणि जोर जास्त असलेले हे पाणी मग पात्रालाच खरवडते. काठावरच्या झाडांची मुळे उघडी पडतात, आणि एके काळी तळाखाली पुरलेली जलवाहिनी प्रवाहाच्या वर अधांतरी दिसू लागते. नद्यांचे अभ्यासक गॉर्डन वोल्मन यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतील मेरीलँडच्या ओढ्यांवरून हाच क्रम मांडला होता.

पात्राच्या या झिजेचा दोष सहसा महापुराला दिला जातो, पण माझ्या मते लक्ष द्यायला हवे ते लहान पुरांकडे. महापूर एका फटक्यात पात्राची दिशाही बदलू शकतो हे खरे. मात्र शहरीकरणामुळे सर्वाधिक वाढतात ते वारंवार येणारे लहान पूर, आणि तळातील वाळू-गोटे पुन्हापुन्हा हलवून पात्र रुंद व खोल करण्याचे काम बहुतांशी तेच करतात.