हजेरीचा कागद फिरवू नकोस

आपल्या कॉलेजातल्या गे, ट्रान्स मुलामुलींच्या आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींच्या गटाच्या पहिल्याच मीटिंगला तू हजेरीचा कागद फिरवलास ना, तिथे चुकलं. दाराजवळच्या खुर्चीतला मुलगा कागद जवळ येताच बॅग उचलून निघून गेला, पाहिलंस? कोण गे, कोण ट्रान्स, कोण स्ट्रेट हे आपण विचारायचं नाही. ज्याला सांगायचंय तो सांगेल. स्ट्रेट मित्रमैत्रिणी भरपूर येऊ देत. त्यांच्या गर्दीत बसलेल्यावर शिक्का बसत नाही, हाच खरा आडोसा. १९६७ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अशा गटाला मान्यता हवी होती, तर सभासदांची यादी मागितली गेली. तेव्हा इतर विद्यार्थी नेत्यांनी आपली नावं दिली.

फोटो विचारल्याशिवाय अजिबात नाही. मी एकदा ग्रुप फोटो टाकला आणि तो एका मुलीच्या घरी पोचला. ती पुन्हा आली नाही. अजून टोचतं.

पोस्टर, झेंडे वगैरे नंतर बघू. स्ट्रेट मंडळींना मात्र एवढं सांग, इथे आधी ऐका, आणि कँटीनमध्ये कुणी फालतू विनोद केला की तिथल्या तिथे अडवा. ते काम त्यांचंच. पुढच्या वेळी मी लवकर येतो, खुर्च्या गोल मांडू.